कमानीतली कपची

मी एक जुनी कपची आहे, मित्रांनो. दगड घडवताना उडालेला, तुमच्या मुठीत मावेल एवढा तुकडा. गवंड्याने मला ढिगातून उचलले, मठाच्या कमानीत दोन मोठ्या दगडांमधल्या फटीत हातोडीने ठोकून बसवले आणि म्हणाला, "बस इथे. वरचा हलता कामा नये."

कौतुक सगळे कमानीचे झाले. मला त्याचे काही नव्हते. पहाटे साधक खालून अनवाणी जात, त्या पावलांची मला सवय झाली होती. मग तेही गेले. छप्पर कोसळले, चुना झडला, कमान निम्मी मातीत बुडाली. तेव्हापासून नुसता वारा सुटला तरी मी वरच्या दगडाला घट्ट धरून बसायचे.

परवा एक कुटुंब मठाचे अवशेष पाहायला आले. धाकटा कमानीखाली फतकल मारून बिस्कीट खात बसला. त्याच्या ताईचे बोट माझ्यावर आले.

"बाबा, ही हलतेय! आठवण म्हणून नेऊ?"

"ने की! इथे काय दगडांचा दुष्काळ पडलाय?" बाबा हसले.

नको गं, नको! मी जीव तोडून ओरडले. पण दगडाचे ओरडणे कुणाला ऐकू जाते? तिने काडीने माती कोरली, मला ओढले, आणि मी तिच्या घामट मुठीत आले. वरचा दगड कुरकुरला.

"आई, माझ्या डोक्यावर कोण साखर टाकतंय?" धाकट्याने विचारले.

आईने वर पाहिलेसुद्धा नाही. दंडाला धरून तिने त्याला खेचले. पाठोपाठ दगड कोसळला. बिस्कीट त्याच्याखाली गेले.

धूळ बसेपर्यंत आई लेकराचे डोके, हात, पाय पुन्हा पुन्हा चाचपत होती. बाबांनी ताईला मागे ओढले.

"मी एवढीशीच तर काढली गं, आई," ताई हुंदके देत म्हणाली. "परत लावू?"

लावणार कुठे? फटच उरली नव्हती. तिने मला हळूच गवतात ठेवले. तिचा राग कसा धरू? तिने तर विचारूनच मला काढले होते.

मित्रांनो, मठ पाहायला जरूर या, पण हात आवरा. पलीकडे अजून एक कमान उभी आहे. तिच्यातही माझ्यासारख्या कपच्या आहेत, आणि सावली बघून मुले नेमकी तिच्याखालीच बसतात.