केसवाल्या बाईंची बदली

"इथे पूर्वी केसवाल्या बाई बसायच्या. त्या कुठे गेल्या हो?"

इस्पितळाच्या तीन नंबरच्या खिडकीपलीकडून हा प्रश्न आला, तेव्हा केसवाल्या बाई तिथेच बसल्या होत्या. हातात पेन, समोर कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा, आणि मान इतकी ताठ, की बघणाऱ्याला वाटावं हिला कुणीतरी मानेचा पट्टा लावलाय. विचारणारी त्यांच्याच वयाची होती. एका हाताने गुडघा दाबत, दुसऱ्याने खिडकीची कड धरून उभी. तिने सरळ बाईंच्या तोंडाकडे बघून विचारलं होतं, आणि ओळखलं नव्हतं.

"त्यांची बदली झाली," बाई म्हणाल्या.

खोटं बोलायचं तर माणूस आधी आवंढा गिळतो, इकडेतिकडे बघतो. बाईंनी यातलं काहीच केलं नाही. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं त्यांनी सांगून टाकलं. ती म्हणाली, अगंबाई, कुठे? बाई म्हणाल्या, लांब. त्यावर तिचा चेहरा असा उतरला, की तिच्यामागे उभे असलेले आजोबा विचारायला लागले, काय, खिडकी बंद झाली का?

आता हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. इस्पितळात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला आधी केसपेपर काढावा लागतो. तो काढून देणाऱ्या म्हणून त्या केसवाल्या. हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं खुर्चीच्या पाठीवरून खाली लोंबायचं. काय तो शेपटा होता! बाई खुर्चीत बसल्या की त्याचं टोक फरशीला टेकायचं, आणि झाडूवाल्या मावशी रोज म्हणायच्या, बाई, तुमचं शेपूट उचला, नाहीतर केरात जाईल. नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा हेडक्लार्कने हे नाव ठेवलं, आणि तेवीस वर्षांत ते असं चिकटलं, की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं की बाई स्वतःच क्षणभर मागे वळून बघायच्या.

मग पंचेचाळिशीच्या आसपास केसांनी काढता पाय घेतला. आधी न्हाणीघराच्या जाळीत, मग कंगव्यात, मग उशीवर. रबराला पूर्वी दोन वेढ्यांतच धाप लागायची. आता पाच वेढे दिले तरी ते खुशाल घसरून खाली यायचं. शेपट्याची वेणी झाली, वेणीची बोटभर दोरी झाली, आणि एका रविवारी बाईंनी स्वतःच कात्री लावून उरलेल्याचा सुपारीएवढा अंबाडा घातला. पण टाळूचं काय करायचं? भांग असा रुंदावत गेला, की तो भांग आहे की पायवाट, कळेना.

त्यात ती खिडकी. बांधणाऱ्याने ती अशी बांधली होती, की आतला माणूस बसलेला आणि बाहेरचा उभा, आणि बरोबर डोक्यावर ट्यूबलाइट. लिहायला मान खाली घातली, की बाईंची अख्खी टाळू रांगेसमोर. एकदा बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका चिमुरडीने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, बाबा, या बाईंच्या डोक्यात रस्ता आहे. बाप ओशाळला, रांग हसली, बाईही हसल्या. आणि त्या दिवसापासून मान ताठ ठेवून, नुसती नजर खाली टाकून लिहायला लागल्या. त्यामुळे ओळी तिरक्या जायच्या. हेडक्लार्क म्हणायचे, बाई, तुमची अक्षरं हल्ली डोंगर चढतात.

घरी लेक होती, पंधरा वर्षांची, आणि आईचा सगळा शेपटा जणू वारशात मिळालेला. एके सकाळी ती आरशासमोर म्हणाली, आई गं, तुझे केस मीच ढापले की काय! बोलून गेली आणि मग दिवसभर आईच्या मागे मागे फिरली. संध्याकाळी कुठूनशी काळी पावडर आणि छोटा ब्रश घेऊन आली आणि भांगातली कातडी रंगवून दिली. छान दिसली. दुसऱ्या दिवशी खिडकीत उकाड्याने पावडरीचा काळा ओघळ कपाळावर आला, तो रांगेतल्या एका बाईने आपल्या रुमालाने पुसून दिला. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून राईएवढे स्क्रू बघणारा माणूस; पण बायकोच्या डोक्याकडे बघून त्याने अगदी मायेने सांगितलं, "कशाला जिवाला लावून घेतेस? या वयात कोण बघतंय तुझ्याकडे?"

समजूत घालायलाच बोलला होता बिचारा.  बाई नळ मोठा सोडून भांडी विसळत राहिल्या.

शेवटी मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचा केसपेपर लिहिला आणि खिडकी बंद झाल्यावर त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी हसून विचारलं, या, आज कोणाची केस आणलीत? बाई म्हणाल्या, माझी. तुमची? काय केस आहे? बाई म्हणाल्या, केस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेच विचारतेय मी, कसली केस? हे असं तीन-चारदा झालं, मग दोघींच्याही एकदम लक्षात आलं आणि दोघी पोट धरून हसल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते मात्र हसू थांबल्यावरही थांबेना. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं आणि स्पष्ट सांगितलं, गेलेले येतीलच असं नाही, आहेत ते सांभाळायचे.

तर अशा या बाई, आपली बदली आपणच करून, आता केसपेपर लिहायला लागल्या. समोरचीने नाव सांगितलं, वय सांगितलं. आडनाव अर्धं लिहून झालं आणि बाईंचं पेन थांबलं.

हे आडनाव त्यांनी दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, लिहिलं होतं. या बाईच्या मुलीसाठी. अकरा वर्षांपूर्वी. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, मूत्रपिंडं बिघडलेली, यंत्रावर रक्त साफ करून घ्यायला यायची. बिस्किट दोन्ही हातांत धरून कडेकडेने कुरतडायची, म्हणून बाईंनी तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली. नंबर लागेपर्यंत खारूताई बाजूच्या दाराने आत यायची आणि बाईंच्या खुर्चीमागे उभी राहून त्यांची वेणी सोडायची आणि घालायची, सोडायची आणि घालायची. डाव्या हाताला सारख्या सुया टोचून तो आखडलेला. त्यामुळे तीन पेडांतला एक नेहमी सैल राहायचा आणि वेणी भलतीकडेच वळायची. बाई ती सोडायच्या नाहीत. तसल्या वाकड्या वेणीने त्या बाजारातून, बसमधून, लोकांसमोरून घरी जायच्या. मग तिच्या बापाला दुसऱ्या गावी काम लागलं आणि ती मंडळी गेली.

खारूताई कशी आहे? हे बाईंच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. केसवाल्या बाईंना हे विचारता आलं असतं. पण त्यांची तर बदली झाली होती; या खिडकीतल्या बाईंना कुठली खारूताई माहीत असणार?

"जुनी केस आहे की नवी?" त्यांनी विचारलं. रोज दोनशेदा विचारायच्या तेच.

"माझी नवीच. जुनी लेकीची होती."

बाईंनी केसपेपर सरकवला, हाडांचा विभाग पहिल्या मजल्यावर म्हणून सांगितलं. ती लंगडत गेली. 'होती' तेवढं मागे राहिलं.

होती म्हणजे काय, आता दुसऱ्या इस्पितळात असेल, बाई मनाशी म्हणाल्या. बरी झाली असेल, मग कशाला हवी केस? पुढचा तासभर त्यांनी काय लिहिलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. एका धडधाकट गड्याला प्रसूतीच्या विभागात पाठवलं. तो वर जाऊन, शिव्या खाऊन परत आला आणि रांगेची करमणूक झाली. बाईंनी वाक्य तयार केलं: अहो, थट्टा केली हो, मीच ती. हसत म्हणायचं. मध्येच हेडक्लार्कला दोन मिनिटं खिडकी सांभाळायला सांगून त्या बाथरूममध्ये गेल्या, अंबाडा सोडला आणि आरशासमोर वेणी घालून बघितली. म्हणजे कसं, निदान वेणी बघून तरी ओळखेल. तीन पेड निघाले, नाही असं नाही. पण वेणी झाली ती बुटाच्या नाडीएवढी, आणि वर दिवा डोक्यावर चकाकत होता. त्यांनी पुन्हा सुपारी बांधली आणि येऊन बसल्या.

बारा वाजायच्या बेतात ती परत आली. रांग संपली होती. हातात गोळ्यांची पुडी, आणि विचारते, त्या बाईंसाठी निरोप ठेवता येईल का. बाईंनी तोंड उघडलं. अहो, थट्टा... एवढं जिभेवर आलंही होतं.

"एका अर्थी बरं झालं त्या नाहीत ते," ती म्हणाली. "तोंडावर मला सांगवलं नसतं. फार जीव होता त्यांचा तिच्यावर. माझी पोर गेली हो, मागच्या वर्षी. एकोणिसावं संपत आलं होतं."

 बाईंनी एक कोरा कागद ओढला.

"सांगा," त्या म्हणाल्या. "मी लिहून घेते. वर नाव काय घालू?"

"केसवाल्या बाई, असंच घाला. खरं नाव कुठे माहितीय आम्हाला?"

बाईंनी मान खाली घातली, पार कागदाला नाक लागेल इतकी, आणि लिहिलं. ती वरून, शाळेत बाई सांगतात तसं, सावकाश सांगत राहिली. "लिहा, ती तुम्हाला विसरली नव्हती. लिहा, स्वतःची वेणी स्वतःच घालायची, शेवटच्या महिन्यापर्यंत. हात उचलत नव्हता तरी. वॉर्डातल्या बायकांच्याही घालून द्यायची. बायका म्हणायच्या, अगं वाकडी झाली. तर म्हणायची, असू दे, केसवाल्या बाई अशीच घालून घरी जायच्या." ती थांबली. "झालं लिहून?"

"झालं."

"त्यांचे केस अजून तसेच असतील, नाही?"

"असतील," बाई म्हणाल्या. "जपतात त्या."

आजच्या टपालात जाईल ना, तिने विचारलं. तिचं समाधान होईना, म्हणून बाईंनी तिच्यादेखत कागद पाकिटात घातला, चिकटवला, वर तेच नाव लिहिलं आणि पाकीट टपालाच्या ट्रेमध्ये ठेवलं. तेव्हा कुठे ती निघाली. बाईंनी तिला पायऱ्यांपर्यंत जाताना बघितलं. एकेक पायरी, आधी चांगला पाय, मग दुखरा.

साडेबाराला टपालवाले काका आले. ते प्रत्येक पाकीट हातभर लांब धरून वाचायचे. "अहो, हे काय?" ते म्हणाले. "ना पत्ता, ना काही. हे तर तुमचंच की. कुणी थट्टा केली का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "माझंच आहे. द्या."

काका नियमाचे पक्के. हातोहात दिलेल्या टपालाचीही पोच घ्यायचे. त्यांनी वही पुढे सरकवली. बाईंनी तारीख घातली, वेळ घातली. घेणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात 'केसवाल्या बाई' असं लिहिलं आणि पुढे सही केली.