माझ्याकडे म्हणायची सवय

बत्तीस वर्षं बस चालवून एकदाही ओरखडा न उठवलेल्या माणसाच्या हातातलं स्टिअरिंग धरणं म्हणजे घरात महाभारत ओढवून घेणं. भिंगरीने ते भर सकाळी, शेजाऱ्यांच्या देखत केलं. बाबा गाडी मागे घेत होते, चाक दारातल्या कुंडीकडे जरा जास्तच झुकलं, आणि शेजारी बसलेल्या लेकीने “माझ्याकडे” म्हणत स्टिअरिंगच पकडलं.

बिचारीचा तरी काय दोष? चार वर्षं ती विमानशाळेत विमान चालवायला शिकवत होती. चालवणार विद्यार्थी, ही शेजारी, हात मांडीवर. फारच चुकायला लागलं की हिने “माझ्याकडे” म्हणायचं आणि त्याने तत्काळ हात सोडून “तुमच्याकडे” म्हणायचं, म्हणजे दोघांची ओढाताण होत नाही. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आईच्या हातातला झाराही ती तसाच घ्यायची. बाबांनी मात्र तोंड फुगवलं ते फुगवलंच.

त्यात नोकरीचा घोळ. एकाच आठवड्यात दोन पत्रं आली आणि दोन्हीकडे शनिवारी पाचच्या आत उत्तर हवं होतं. एक मोठ्या कंपनीचं. भलंमोठं जेट, सहवैमानिकाची खुर्ची, खांद्यावर पट्ट्या, पण आधी वर्षभर प्रशिक्षणाच्या रांगेत. दुसरं औषधं आणि टपाल पोचवणाऱ्या छोट्या कंपनीचं. विमान चिमुकलं, खोकी स्वतः चढवायची, आणि दिवसाला सहा ठिकाणी उतरायचं.

घरात मतदान कधीच झालं होतं. विमा कंपनीत नोकरीला असलेल्या दादाने पगार, सुट्ट्या, पेन्शन यांचा तक्ता करून मोठ्या कंपनीला दुप्पट गुण दिले होते. आईने तर मनातल्या मनात गणवेशाला इस्त्रीही करून ठेवली होती. बाबा रुसलेले, त्यामुळे तटस्थ.

शनिवारी दुपारी शाळेतलं शेवटचं उड्डाण संपवून भिंगरी नोंदवही भरायला बसली. उड्डाणाचे तास चिक्कार होते. पण आपल्या हाताने विमान कधी उतरवलं, हे शोधायला चार पानं मागे जावं लागलं. अडीच महिने झाले होते. रोज कुणीतरी दुसराच उतरवत होता आणि तिचे हात मांडीवर शिवशिवत होते. मोठ्या जेटवर तरी काय, आधी वर्षभर रांग, मग लांबलांबची उड्डाणं, आणि उतरवायची पाळी कॅप्टनबरोबर वाटून. तिला एकदम रडूच आलं. वही मिटून ती तडक घरी निघाली.

घरी पोचली तेव्हा साडेचार झाले होते. दादाने मोठ्या कंपनीला पाठवायचा होकार लिहूनच ठेवला होता. फक्त बटण दाबायचं बाकी होतं आणि बोट त्याचं होतं.

“माझ्याकडे,” ती म्हणाली.

दादाला नियम ठाऊक नव्हता. लॅपटॉप घट्ट धरून तो तक्त्यातला पगाराचा रकाना पुन्हा समजावू लागला.

“सोड रे,” बाबा पेपराआडून म्हणाले. आठवडाभरात पहिल्यांदाच. “तिने म्हटलंय ना.”

दादाने हात सोडले. भिंगरीने होकार पुसला आणि दोन ओळींचा नम्र नकार लिहून पाठवून दिला. आई मटकन खुर्चीत बसली.

“मोठं विमान काही पळून जात नाही, आई. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करीन. आधी मला उतरवायचंय. रोज, माझ्या हातांनी.”

आईने नाक मुरडलं, पण नाही म्हणाली नाही. छोट्या कंपनीला सही केलेला कागद हातात हवा होता आणि पाचला जेमतेम वीस मिनिटं उरली होती. बाबांनी पेपर घडी घालून ठेवला, खुंटीवरची किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली.

“तुझ्याकडे,” ते म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

भिंगरी गाडी मागे घेऊ लागली. कुंडीपाशी बाबांचा हात जरासा उचलला गेला. तो त्यांनी परत मांडीवर ठेवला.