अंथरुणावरचे दिवस

प्रश्न क्रमांक चौदा मावशींना आता तोंडपाठ झाला होता. ‘गेल्या तीस दिवसांत आजारपणामुळे तुम्ही किती दिवस अंथरुणावर पडून होता?’ धुलाई कारखान्याच्या वसाहतीत त्या अकरा दिवस जिने चढत-उतरत होत्या आणि हा प्रश्न छापलाय तसाच्या तसा वाचत होत्या. आरोग्य पाहणीच्या प्रमुखांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “मावशी, पदरचा एक शब्द घालायचा नाही. घातलात तर फॉर्म बाद.” या प्रमुखांना सगळे आकडेसाहेब म्हणत. वयाने मावशींच्या मुलाएवढे, स्वभावाने गरीब, पण एकदा आकडा कागदावर उतरला की त्यांना साक्षात समोर उभा असलेला माणूस दिसत नसे.

कारखान्यात शहरभरच्या दवाखान्यांच्या चादरी धुवायला येत. इस्त्रीची यंत्रं आणि गाड्या पुरुषांकडे, ओल्या चादरींचे भारे उचलणं बायकांकडे. कोरडं काम त्यांचं आणि ओलं यांचं, हे कोणी ठरवलं म्हणून विचारलं तर ‘पूर्वीपासून आहे’ एवढंच उत्तर मिळे. ओली चादर कोरडीच्या तिप्पट जड असते हे पूर्वीच्या लोकांना माहीत नसेल असं नाही.

बाराव्या दिवशी मावशी शिडीच्या घरी गेल्या. शिडी म्हणजे धुलाईतली सगळ्यांत उंच बाई. एकच खोली. पलंगावर नवरा पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून पालथा पडलेला, खुर्चीत सासू, तिच्या मांडीवर दोन महिन्यांचं बाळ, आणि शिडी ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती.

मावशींनी चौदावा प्रश्न वाचला.

“सहा दिवस,” नवरा उशीतूनच म्हणाला. “सहा लिहा. पाठ धरली होती.”

“आणि तुम्ही?”

शिडी हसली. “मी आडवी झाले तर यांना उभं कोण करणार, मावशी?”

“सून काटक आहे हो माझी,” सासू म्हणाली. “बाळंत झाली आणि पंधराव्या दिवशी कामावर हजर.” हे ती कौतुकाने सांगत होती, त्यात खोट काहीच नव्हती. मावशींनी शून्य लिहिलं.

शिडी जिन्यापर्यंत सोडायला आली. दोन पायऱ्या उतरली आणि कठडा घट्ट धरून थांबली. कपाळावर घाम आला होता.

“अंग बाहेर येतंय, मावशी,” ती हळूच म्हणाली. “घट्ट कापड बांधून कामावर जाते. भारा उचलला की जीव जातो नुसता.”

“अगं, आणि मघाशी शून्य सांगितलंस?”

“तुम्ही अंथरुणाचं विचारलंत. अंथरुणावर कुठे पडले मी?” तिने पदराने तोंड पुसलं. “पुढच्या शुक्रवारी कारखान्यातल्या डॉक्टरबाईंना दाखवणारय. घरात बोलू नका.” आतून नवऱ्याने पिशवीतलं पाणी गार झाल्याची हाक मारली आणि ती वर गेली.

मावशी जिन्यातच बसल्या. हातातल्या गठ्ठ्यात बायकांच्या रकान्यात ओळीने शून्यं होती, सगळी त्यांच्याच अक्षरात. त्यांना आकडेसाहेबांचा राग आला, सासूचा आला, पण खरा संताप आला तो स्वतःचा. त्या स्वतः दहा वर्षं गुडघे अंगावर काढत होत्या आणि कोणी विचारलं की ‘मी अगदी ठणठणीत’ म्हणत होत्या. बायका कसं खोटं बोलतात हे त्यांना नाही कळणार तर कोणाला?

दुसऱ्या दिवशी कचेरीत आकडेसाहेब खुशीत होते. “मावशी, कमाल आहे! पुरुष सरासरी पाच दिवस आजारी, बायका अर्धा दिवससुद्धा नाही. बायका भलत्याच सुदृढ निघाल्या!”

शेजारी कारखान्याचा मॅनेजर बसला होता. पाहणीचा खर्च कारखान्याचाच होता. तो म्हणाला, “मग बायकांसाठी वेगळ्या डॉक्टरबाई कशाला? आठवड्यातल्या दोन सकाळी ती खोली अडवून ठेवतात. सोमवारी तुमची पडताळणीची फेरी होऊ दे. हाच आकडा आला की ती खोली साबणाच्या पोत्यांना देतो.”

म्हणजे शिडीचा शुक्रवार गेला. पुढचे सगळेच शुक्रवार गेले.

“साहेब, आकडा चूक आहे,” त्या म्हणाल्या.

“प्रश्न तपासून घेतलेला आहे, मावशी. सगळीकडे हाच विचारतात.”

“मग सगळीकडे चुकतंय. तुम्ही दुखणं मोजलंच नाहीत. घरात आडवं व्हायची मुभा कोणाला आहे, ते मोजलंत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

मॅनेजर हसला. आकडेसाहेब हसले नाहीत, पण फॉर्म बदलता येणार नाही म्हणाले.

मावशींनी फॉर्म बदलला नाही. त्यांनी त्याची मागची कोरी बाजू वापरली. घरात विचारण्यात अर्थ नव्हता, तिथे भिंतींनाही सासूचे कान. त्या सरळ कारखान्याच्या गच्चीवर गेल्या. तिथे वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत. एका चादरीला दोन बायका लागतात. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, लांब जाऊन ताणायची, झटकायची आणि चालत एकमेकींपाशी येऊन टोकं जुळवायची. टोकं जुळतात तेव्हा दोघींची तोंडं वीतभर अंतरावर असतात, आणि खालच्या यंत्रांचा आवाज इतका की तिसरीला काही ऐकू जात नाही.

मावशींनी एका बाईच्या हातून दोन टोकं घेतली. “मुकादमाने विचारलं तर म्हणावं, म्हातारी घड्या शिकतेय.”

“या वयात?”

“पुढच्या जन्मी उपयोगी पडेल.”

आणि टोकं जुळली की त्या विचारत, “महिन्यात किती दिवस अंगावर काढलंस? काय दुखत होतं?” पुढच्या चादरीला उत्तर येई. लघवीला आग होते, पण मुकादम काम सोडून जाऊ देत नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. अंगावरून जास्त जातं, तीन महिने झाले. मनगट वळत नाही. एकीने काही सांगितलंच नाही, चार चादरींना नुसती रडली, आणि पाचव्या चादरीला म्हणाली, “बावीस दिवस लिहा.” तीन दिवसांत मावशींचे खांदे भरून आले आणि एकशे अठरांपैकी चौऱ्याण्णव बायकांची उत्तरं गोळा झाली. प्रत्येकीला त्यांनी शब्द दिला होता की नाव लिहिणार नाही.

आकडेसाहेबांनी ते कागद वाचले. पुन्हा वाचले. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मग स्वतः उठून मावशींना मॅनेजरकडे घेऊन गेले.

“नावं द्या,” मॅनेजर म्हणाला. “कोणाला काय होतंय ते बघतो.”

काय बघणार ते मावशींना पुरतं ठाऊक होतं. जिला भारा झेपत नाही तिला दार दाखवणार. “नावं मिळणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “माझ्या जिभेवर आहेत, तिथेच राहतील.”

“मग ही ऐकीव कुरकुर झाली. बायकांना ती सवयच असते. मान्य फॉर्मवर येईल तेवढंच मी धरणार.” आकडेसाहेब काहीतरी बोलायला गेले, तर तो म्हणाला, “हा नियम तुमचाच ना?”

संध्याकाळी गच्चीवर मावशींनी हे सांगितलं तेव्हा शिडी चादर झटकत होती. ती मधेच थांबली.

“म्हणजे त्याला अंथरुणावरचेच दिवस हवेत?”

“हो गं बाई.”

“एवढंच? मग देऊ की.” चादरीचं टोक तिने पलीकडच्या बाईच्या हातात दिलं आणि तिच्या कानाशी वाकली. ती बाई हसली आणि पुढच्या जोडीकडे गेली.

सोमवारी सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला आणि धुलाईत चोवीसच बायका आल्या. मावशी फॉर्मचा नवा गठ्ठा घेऊन जिने चढत होत्या. दार उघडं, आत बाई अंथरुणावर. पुढचं दार, तेच. चौदावा प्रश्न त्यांनी छापल्याप्रमाणे वाचला, पदरचा एक शब्दही घातला नाही.

शिडीच्या घरी पलंगावर शिडी होती. नवरा ओट्याशी पातेलं धरून उभा, पाठ एकाएकी बरी झालेली. सासू खुर्चीत फणफणत होती, “भरल्या घरात सून लोळतेय! आम्ही असं कधी केलं नाही हो.”

“तुम्हाला काय काय व्हायचं, सासूबाई?” शिडीने पडल्या पडल्याच विचारलं.

सासूने मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. मग मुलावर ओरडली, “बघतोस काय? बाळाला घे. तिला पडू दे.”

अकरापर्यंत दोन दवाखान्यांचे फोन आले, चादरी कुठे आहेत म्हणून. साडेअकराला मॅनेजर आकडेसाहेबांवर तडकला, हे नाटक आहे, हे फॉर्म बाद करा. साहेब म्हणाले, “फॉर्म मान्य आहे, प्रश्न मान्य आहे, बाई अंथरुणावर आहे. बाद कुठल्या नियमाने करू?” आयुष्यात पहिल्यांदाच ते असं बोलले असावेत, कारण बोलताना त्यांचा आवाज चिरकला.

दुपारी मुकादम धापा टाकत शिडीच्या दारात आला. “उठा, उठा! डॉक्टरबाईंची खोली राहणार. मॅनेजरसाहेबांनी सहीचा कागद फाटकावर लावलाय. मी वाचून आलोय. सगळ्यांना कामावर बोलावलंय.”

“आठवड्यातून किती दिवस?” मावशींनी विचारलं.

“तीन लिहिलेत.”

शिडीने हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग कूस बदलली आणि चादर खांद्यापर्यंत ओढली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “उद्या येते.”

“अहो, पण कागद लागला ना! आता काय झालं?”

“आता दुखतंय,” शिडी म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.