चुकून राहिलेला हात

मी हात बोलतोय. घाबरू नका, कुणाच्या खांद्याला जोडलेला नाही. ऑनलाइन वर्गाच्या पडद्यावर खालच्या पट्टीत, माइक आणि हसरा चेहरा यांच्यामध्ये जो पिवळा पंजा दिसतो, तो मी. मला दाबलं की मी तुमच्या नावाशेजारी उभा राहतो आणि तुम्हाला काही विचारायचंय हे शिक्षकांना कळतं. एवढीच माझी नोकरी.

माझा जन्म एका संगणकावर झाला. बोटं चार काढायची की पाच, यावर तीन बैठका झाल्या म्हणे. रंग पिवळा ठरला, कारण तो कुणाच्याच कातडीचा नाही. साथीच्या वर्षांत माझी चंगळ होती, पोरं मला उगाचच वर करायची. मग नवलाई ओसरली. आता मी वर दिसलो की कीबोर्डवरून मांजर गेलं असेल, असं लोक धरून चालतात.

सध्या मी चंदीगडला, वीणा मॅडमच्या वर्गात असतो. मॅडम साताऱ्याच्या. नवरा हवाई दलात, म्हणून बदलीबरोबर इकडे आल्या. विमानतळाजवळच्या एअरोसिटीतल्या घरातून एका विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीला संख्याशास्त्र शिकवतात. डोक्यावरून विमान गेलं की वाक्य मध्येच थांबवतात आणि आवाज विरला की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे जातात. समोर चाळीस काळे चौकोन, त्यांत नावं. नावांच्या मागे माणसं आहेत अशी मॅडमची श्रद्धा आहे.

विभागप्रमुखांची श्रद्धा आकड्यांवर आहे. त्यांनी कळवलं, सत्राचा सरासरी सहभाग साठ टक्के दिसला नाही तर पुढच्या सत्रापासून रेकॉर्ड केलेली व्याख्यानं लावू. मग मॅडमचं काम जाणार. माझंही, कारण रेकॉर्ड केलेल्या वर्गात हात वर करायची सोय नसते.

मॅडम कामाला लागल्या. पोल आले. टिकटिकणाऱ्या घड्याळाची प्रश्नमंजुषा आली. बरोबर उत्तराला पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडू लागला. छोट्या गटांच्या खोल्याही आल्या, त्यांत सहा-सहा जण शांतपणे परत बोलावण्याची वाट पाहत. सॉफ्टवेअर फक्त उत्तरांची बटणं मोजतं, मला मोजत नाही. तरी सहभाग चढत एकसष्टवर पोचला आणि मॅडमनी त्या दिवशी शिरा केला.

एकदा त्यांनी आधी कळवलेला एक प्रश्न ऐनवेळी बदलला. 'आज आपण काय शिकलो?' चौथा पर्याय, डी, गंमत म्हणून ठेवला, 'मी वर्गात नव्हतो.' छत्तीस जणांनी डी निवडला.

शेजारी अभ्यास करणारी त्यांची मुलगी अक्षरा खो खो हसली. "आई, वो सब व्हॉट्सॲप ग्रुप में आन्सर डालते हैं. पक्का!"

"कोण टाकतं?"

"कोई एक डालता है, बाकी सब कॉपी. हम भी करते हैं यार."

टाकणारा नरेश होता, डेराबस्सीच्या औषध कारखान्यात काम करणारा विद्यार्थी. जुन्या प्रश्नाचं उत्तर, डी, त्यानं इमानदारीनं सगळ्यांना पोचवलं होतं. मॅडम हसल्या नाहीत. माइक बंद केला.

पुढच्या तासाला मी वर गेलो. प्रतिमाच्या नावाशेजारी. प्रतिमा सेक्टर बत्तीसच्या रुग्णालयात नर्स.

"प्रतिमा जी, आपका हाथ गलती से रह गया है," म्हणत मॅडमनी मला खाली केलं. मी पुन्हा वर. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा वर गेलो तेव्हा त्या थांबल्या.

"मॅडम, गलती से नहीं है. पूछना था." आवाज दबका, मागे ट्रॉलीची चाकं. "वॉर्ड में बीस पेशंट हैं. औसत बुखार निन्यानवे. पर एक को एक सौ चार है. औसत का मैं क्या करूँ?"

मॅडमनी उत्तर सुरू केलं आणि मध्येच सोडलं. डोक्यावर विमान नव्हतं.

"हमारे यहाँ भी मॅडम," नरेशनं माइक उघडला, "गोली का औसत वजन देखते हैं, फिर एक-एक तौलते भी हैं." तिसरा बोलला, चौथी त्याला खोडून काढू लागली. कुणीतरी चक्क कॅमेरा लावला आणि चौकोनातून एक खरा, चहा पिणारा माणूस निघाला.

तास संपायला दोन मिनिटं उरली. सत्रातला मोजला जाणारा हा शेवटचा तास.

"मॅडम, पोल?" नरेशनं आठवण केली. "आज नहीं डाला तो आपका परसेंट गिरेगा. मैं ग्रुप में बोल दूँ?"

मॅडमचा बाण पोलच्या बटणावर गेला. मग माझ्याकडे आला. "रहने दो, नरेश. प्रतिमा जी, एक सौ चार वाले से शुरू करते हैं."

अहवाल विभागप्रमुखांकडे गेला, एकोणसाठ टक्के. खाली मॅडमनी प्रतिमाचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला. उत्तर अजून आलेलं नाही.

काल निरोपाचा तास झाला. "कुणाला काही विचारायचंय?" असं मॅडमनी हिंदीत विचारलं आणि मी एकोणीस नावांशेजारी एकदम उभा राहिलो. एवढा मी आयुष्यात कधी ताठ नव्हतो. मॅडमनी एकही हात खाली केला नाही. वरून पहिलं नाव वाचलं आणि ऐकू लागल्या.

पुढच्या सत्रात मी असेन की नाही, ठाऊक नाही. पण कुठल्याही वर्गात मी वर दिसलो, तर चुकून राहिलोय असं ठरवण्याआधी एकदा त्या माणसाचं नाव घेऊन बघा.