चंद्राबाईची चौकट

"बाई, म्हातारी उठंना वो. पानी जोत्याला लागलंय." नागेशचा फोन सकाळीच बारामतीला आला. मागून एसटीडी बूथवाला ओरडत होता की दुसऱ्यालाही लाईन लागू दे.

मी रिसीव्हर ठेवला आणि आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. नीळकंठराव पायमोजे घालत होते. "निस्तरा तुमचा शब्द आता," मी म्हणाले. असं बोलायला नको होतं, पण मला राग आला की मी आधी बोलते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना ते ठाऊक झालं आहे.

त्यांच्या शब्दाची गोष्ट अशी. उजनी भरली तेव्हा इंदापूर तालुक्यातलं कवठमळी गाव पाण्याखाली गेलं. उरलं ते गावामागचं टेक. त्याचं बेट झालं आणि त्यावरची दोन खोल्यांची शाळा मुलांवाचून ओस पडली. हे तेव्हा पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर होते. कुणाच्या घरापर्यंत पाणी येणार त्याची चुन्याची रेघ ह्यांनीच मारली. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, हे त्या बेटावर गेले. शाळेच्या खोल्यांत बुडालेल्या गावाचं संग्रहालय मांडलं. दारोदार फिरून जाती, पाटे, कंदील, मोटेची चाकं गोळा केली. मी गणिताची शिक्षिका, निवृत्त, म्हणून वस्तूंवर आकडे घालायचं काम माझ्याकडे. नागेश बेटावरचाच. त्याचे आजे-पणजे त्या टेकावर मेंढरं चारायचे, तो एमआयडीसीत दूध डेअरीत पाळी करतो आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना होडीतून आणतो. त्याची आई म्हाळसा किल्ली सांभाळते, झाडलोट करते. पगार सगळ्यांना सारखाच, म्हणजे शून्य.

वस्तू घेताना हे प्रत्येक दारात म्हणायचे, "वस्तू तुमचीच आहे, आम्ही नुसती सांभाळतो. पाणी उतरलं की खुशाल घेऊन जा." आपण कुणालाही 'जेवून जा' म्हणतो, त्यातलाच प्रकार. धरणाचं पाणी उतरून गाव वर येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि त्या उन्हाळ्यात ते उतरलं. धरणाला पंधरा-सोळा वर्षं झाली होती. चिखलातून आधी वेशीचे दगड वर आले, मग घरांची जोती. पुनर्वसनाच्या गावठाणातून माणसं येऊन आपापलं जोतं शोधायची आणि त्यावर बसून रडायची. मग ती टेकावर चढून संग्रहालयात आली. कुणी जातं नेलं, कुणी पाटा. चार दिवस आपल्या जोत्यावर मांडलं, नैवेद्य दाखवला आणि मृग लागायच्या आत सगळं परत आणून दिलं. मी आकड्यांवर खुणा केल्या. हिशोब चुकला तो एकाच ठिकाणी.

चंद्राबाईनं आपल्या घराची चौकट नेली होती. सागवानी, वर गणेशपट्टी कोरलेली. संग्रहालयात येणारा प्रत्येक जण त्या चौकटीतूनच आत यायचा. चौघा पोरांकडून तिनं ती खाली नेली, आपल्या जोत्यावर दगडांत पक्की रोवली आणि रोज सकाळी जाऊन तिच्यात बसू लागली. रात्री निजायला म्हाळसाकडे. तिचा मुलगा सोमेश्वरनगरला कारखान्यात. तो दोनदा येऊन हात जोडून गेला होता.

आम्ही इंदापूरची एसटी धरली आणि तिथून जीपनं काठावर गेलो. आभाळ कोरडं ठक्क होतं. आमच्या भागात पाऊस नसला तरी पुण्याकडचा पाऊस नदीतून येतो आणि उजनी चढते. कालपर्यंत जिथं चिखल होता तिथं गढूळ पाणी सरकत होतं. लांबवर मधोमध ती चौकट उभी दिसली. भिंत नाही, छप्पर नाही, नुसतं दार, आणि त्या दारात पांढऱ्या केसांची बाई.

नागेश होडी घेऊन उभा होता. डोळे लाल. "दोनदा ग्येलो बाई. पदरानं बांधून घेतलंया तिनं सोताला चौकटीला. हात लावाया ग्येलो तर चावली." त्यानं मनगट दाखवलं.

"पोराला निरोप?"

"धाडलाय. तो येस्तोवर काय ऱ्हातंय हितं?"

हे होडीत चढले तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पिशवीकडे गेलं. तिच्यात नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं होतं. "हे कशाला?"

"चौकट तरंगेल. होडीमागं बांधून आणता येईल," हे हळूच म्हणाले.

"आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! तिथं बाई बुडतेय आणि तुम्हाला लाकूड वाचवायचंय?" मी इतकी ओरडले की नागेशचं वल्हं थांबलं. ह्यांनी पिशवी पायांमागं सारली. ते पाहून मला अजूनच संताप आला, आणि खरं तर त्यात निम्मी भीतीच होती. मला पोहता येत नाही. पाण्याची मला लहानपणापासून भीती वाटते आणि बेटावर जाताना दर वेळी मी डोळे मिटून बसते.

जोत्यावर पाणी घोट्याएवढं होतं. होडी जोत्यापासून वीसेक हातांवर दगडांना अडली. पुढं पडक्या भिंतींचे ढीग, तिथून पायीच जायचं. हे होडीतूनच म्हणाले, "चंद्राबाई, चला. चौकट पण नेऊ बरोबर. मी शब्द देतो."

चंद्राबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, ओळखीनं. "सायेब, तुमीच हुता न्हवं तवा? चुलीवर भाकर हुती माझी. तुमी म्हनला, उचला. दोगांनी उचलली मला अन् ट्रकात टाकली, गोनी टाकत्यात तशी. भाकर तव्यावरच ऱ्हायली." तिनं पदराची गाठ आवळली. "आता बी उचला. मेल्यावर. जित्तेपनी न्हाय."

हे खाली बसले. मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं असं नाही. ते संग्रहालय कशासाठी मांडलं होतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण त्या घटकेला त्यांचा पश्चात्ताप काही कामाचा नव्हता.

"बाई, मी बांधून आनतो तिला, चावू दे," नागेश म्हणाला. त्यानं दोरी उचलली.

"ठेव ती खाली."

मी साडी खोचली आणि उतरले. पाणी गुडघ्याच्या वर आलं. पायाखाली काय आहे ते दिसत नव्हतं. मी रामरक्षा म्हणायला लागले आणि तिसऱ्या ओळीला विसरले. कशीबशी जोत्यावर चढले आणि उंबऱ्यावर मटकन बसले, पाण्यातच.

"तुम्ही उठत नाही ना मावशी? मग मीही बसते. दोघींना जलसमाधी. हे बसतील बघत." मी रडत होते. मला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. शाळेत हट्टी पोरींना मी पट्टी दाखवून उठवायचे, इथं काय दाखवणार?

चंद्राबाईनं कपाळाला आठी घातली. "उंबऱ्यावर बसू ने बाई. आत ये."

आत म्हणजे पाणी होतं.

"ये की. पैल्यांदा आलीस घरी." तिनं पदराची गाठ सोडली, चौकटीपासून मोकळी झाली आणि माझा हात धरून मला आत घेतलं. "ही ओसरी. ह्या अंगाला गोठा. हितं बस, हे माजघर. चुलीकडं नगं, तिथं धूर हुतोया." एका दगडावर तिनं मला बसवलं. दगड पाण्याखाली होता. कनवटीला बांधलेला गुळाचा खडा तिनं काढला, अर्धा तोडून माझ्या हातावर ठेवला आणि ओंजळीनं तेच गढूळ पाणी पुढं केलं. "च्या न्हाय आज. गोड मानून घे."

मी गूळ खाल्ला. पाणी प्याले. पाणी आता नडगीपर्यंत आलं होतं. होडीतून नागेश ओरडला, "बाई, बिगी बिगी! होडी उचलाया लागलीया!" हे उभे होते आणि दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं होतं.

चंद्राबाई पुन्हा चौकटीकडे वळली, पदर हातात घेऊन. ती परत बांधून घेणार हे मला दिसलं. एकदा गाठ बसली की संपलं. ती माझ्या डोळ्यांदेखत जाणार आणि मी तिचा गूळ खाऊन बसलेली.

"मावशी, निघते मी," मी म्हणाले.

तिचे हात थांबले.

"मला पोहता येत नाही. मघाशी कशी आले ते माझं मला माहीत. घालवायला येता ना?"

तिनं होडीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्याकडे शहरात दार लावून घेतात. तिकडे पाहुणा निघाला की घरचं माणूस बरोबर चालतं, बोलत बोलत, आणि पाहुणा नको नको म्हणत असताना त्याची पिशवी आपल्या हातात घेतं. चंद्राबाई माझी पिशवी शोधत होती. पिशवी नव्हती, म्हणून तिनं माझा दंड धरला.

"चल. दगूड बगून पाय ठिव. हितं रखमाची भिंत हाय, डाव्या अंगानं ये."

ती पुढं, मी मागं. तिला पाण्याखालचा बोळ पाठ होता. पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. एकदा माझा पाय घसरला आणि मी बुडाले, नाकातोंडात पाणी गेलं. त्या म्हातारीनं मला केसांना धरून वर काढलं. "भिऊ नगं. आलंच," ती म्हणाली.

नागेशनं मला वर ओढलं. चंद्राबाईनं माझ्या पाठीवर हात फिरवला. "बरं. या मग," ती म्हणाली आणि माघारी वळली.

ह्यांच्या तोंडून आवाज निघाला, हुंदका की काय कळलं नाही. नागेश झेप घेणार होता. मी त्याला कोपरानं मागं सारलं आणि होडीच्या कडेवर वाकून तिचा हात पकडला.

"मावशी, पाहुणीला चार पावलांवरून वाटेला लावतात का तुमच्यात? कवठमळीची माणसं वेशीपर्यंत येतात म्हणे."

ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली.

"व्हय," ती शेवटी म्हणाली. "वेशीपातूर येत्यात." आणि तिनं पाय उचलला. नागेशनं तिच्या काखेत हात घातले नाहीत, नुसता हात पुढं केला. तो धरून ती आपली आपण होडीत चढली.

नागेश वल्हवत राहिला. वेशीचे दोन दगड पाण्याच्या वर जेमतेम दिसत होते. त्यांतल्या एकाला त्यानं वल्हं टेकवलं आणि होडी थांबवली. त्याला वाटलं असेल, थांबायलाच हवं. ही इथं उतरते म्हणाली तर आता माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

चंद्राबाई उभी राहिली. पाहुण्याला वेशीवर सोडलं की तो दिसेनासा होईपर्यंत तिथं थांबायचं असतं. तिनं थांबायला जागा शोधली. सगळीकडे पाणी. मग तिनं मागं वळून पाहिलं. चौकट उंबरा बुडून उभी होती आणि तिच्यातून पलीकडचं टेक दिसत होतं.

ती माझ्याकडे वळली. माझी भिजलेली साडी, माझं रडवेलं तोंड, खाली मान घालून बसलेले हे, सगळं तिनं एकदा नीट पाहून घेतलं.

"म्हंजी घालवायला तू आली हुतीस व्हय मला?"

मला खोटं बोलवेना. मी मान हलवली.

ती खाली बसली. पदर पिळला, डोक्यावरून घेतला.

"आदी सांगायचं न्हाय व्हय गं," ती म्हणाली. "घर तरी झाडून निगाले आस्ते."