तिसऱ्या सिलिंडरची भिंत

आपल्या वर्कशॉपमध्ये इंजिन घेऊन येणारी माणसं दोन प्रकारची, असं ताईचं मत होतं. एकाला गाडी चालायला हवी असते, दुसऱ्याला पळायला. पहिला शहाणा आणि दुसरा गिऱ्हाईक. सख्खा भाऊ यातल्या कुठल्या खान्यात बसवायचा, ते मात्र तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

बाळ्या तिच्या पाठचा, आणि हट्टाला तिच्याच तोडीचा. बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन मूळ ताकदीच्या अडीचपट करायचं, वर इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो चढवायचा आणि ते नव्या गाडीत बसवून रोज रस्त्यावर पळवायचं, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. बाबा गेले, गाडी गंजून भंगारात गेली, मागे उरला तो एवढा इंजिनाचा बिडाचा ब्लॉक. बाबांनी जिवंतपणी त्याला परक्याचा हात लागू दिला नव्हता.

सिलिंडर मोठे करायचे म्हणजे त्यांच्या भिंती आतून कातायच्या. ताईनं हव्या त्या मापाला सगळे कातले आणि मग जाडी मोजायला मीटर घेतला. भिंतीच्या पलीकडे पाणी खेळायची पोकळी असते, तिथे हात पोचत नाही. म्हणून मीटर आतून टेकवायचा, आवाजाची लहर पलीकडच्या कडेवर आपटून परत येते आणि मीटर आकडा दाखवतो. बाळ्या तिच्या डोक्यावर उभा राहून "झालं का, झालं का" करत होता. बाकीचे सिलिंडर ठीक होते. तिसऱ्याला, पिस्टनचा जोर जिथे सगळ्यात जास्त येतो नेमकं तिथेच, साडेतीन मिलिमीटर.

"चारच्या खाली टर्बो नाही," ताई म्हणाली. "टर्बो सोड, साधं इंजिन बांधून देते. जन्मभर टिकेल."

"अर्ध्या मिलिमीटरसाठी? केसाएवढ्या फरकासाठी?"

"कुणाच्या डोक्यावर एवढे जाड केस असतात रे?"

"मग आतून नवी नळी बसव, स्लीव्ह."

"स्लीव्ह घालायला आधी तीच भिंत आणखी कातावी लागते. आगीतून फुफाट्यात."

"बाबा असते तर त्यांनी काहीतरी केलं असतं."

हे मात्र तिला लागलं. तिनं मीटर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ्या आला तो निरोप घेऊनच. चौकातला फिटर इंजिन जोडून द्यायला तयार होता. या फिटरला सगळी गल्ली होयबा म्हणायची, कारण गिऱ्हाइकानं चाकं छपरावर बसवायला सांगितली तरी तो हो म्हणाला असता.

"टेम्पो आणतो," बाळ्या म्हणाला. "तू रागावू नकोस, ताई. पण ब्लॉक मी नेणार."

"फुटली ती भिंत तर काय होतं माहीत आहे ना? पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, इंजिन जागच्या जागी जाम होतं, मागची चाकं अडकतात. भर वेगात. मग गाडी कुठे जाईल ते तुझ्या हातात नाही."

"तुला सगळीकडे वाईटच दिसतं," म्हणून तो गेला.

तो गेला तोच त्याच्या बायकोचा फोन आला. "ताई, मला त्या टर्बोबिर्बोतलं काही कळत नाही. पण इंजिनाला तुमचा हात लागलाय ना? मग मी पोराला घेऊन गाडीत मागे निवांत बसेन बघा."

"नंतर बोलते," एवढं म्हणून ताईनं फोन ठेवला.

बाळ्याला समजावून झालं होतं, भांडून झालं होतं, आणि टेम्पोचा अड्डा काही लांब नव्हता. तिनं साखळीनं ब्लॉक स्टँडवरून उतरवला, जमिनीवर आडवा केला आणि कोपऱ्यातला घण उचलला. बाबांनी हात फिरवून फिरवून त्या ब्लॉकची एक कड गुळगुळीत झाली होती. तिकडे तिनं बघितलं नाही.

पहिला घाव उसळून तिच्याच खांद्यात गेला. बीड ठिसूळ, दोन घावांत तडकतं. हे मात्र कुणाच्या बापाला दाद देईना. ती रडत होती आणि मारत होती. शेवटी बाहेरचं कवच फुटलं, आणि मग मोठा आवाज होऊन तिसऱ्या सिलिंडरची भिंत आत कोसळली.

घण टाकून ती खाली बसली. आता कुणीच हे इंजिन बांधू शकणार नव्हतं. सवयीनं तिनं भिंतीचा एक तुकडा उचलला आणि त्याला जबड्यात धरून जाडी मोजणारा कॅलिपर लावला.

चारच्या वर.

तिनं पुसून पुन्हा लावला. दुसरा तुकडा घेतला. तोही चारच्या वर. मग तिला कळलं. आवाज प्रत्येक बिडातून वेगळ्या वेगानं जातो. बीड जितकं कणखर, तितका आवाज वेगानं परत येतो, आणि मीटरला वाटतं, भिंत पातळ. म्हणून दर वेळी त्याच ब्लॉकच्या, कॅलिपर पोचेल अशा जागी आधी मीटर जुळवून घ्यायचा असतो. आदल्या दिवशी बाळ्या डोक्यावर उभा असताना तिनं आधीच्या, मऊ बिडाच्या ब्लॉकवर जुळवलेला मीटर तसाच टेकवला होता. बाबांच्या ब्लॉकचं बीड चांगलं होतं, हाच त्याचा गुन्हा.

दारात टेम्पो थांबला. बाळ्या आत आला आणि जागीच थिजला. ताईनं ओरडा ऐकायची तयारी केली, पण तो ओरडला नाही. हळूहळू जवळ आला, तिच्या शेजारी टेकला. त्याचेही डोळे भरले होते.

"एवढी भीती वाटली तुला?"

तिनं मान डोलावली.

"बरं केलंस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी काही ऐकणार नव्हतो. पोराला घेऊन निघालो असतो त्यात. वाचवलंस तू आम्हाला, ताई."

तुकडा तिच्या मुठीत होता. मूठ उघडली नसती तर जगात कुणालाही कळलं नसतं. उलट सणसमारंभात कौतुकानं सांगितली गेली असती ही गोष्ट, बहीण असावी तर अशी म्हणून.

"पातळ नव्हती," ती म्हणाली.

"काय?"

"भिंत. चारच्या वर आहे. मीटर मी चुकीचा लावला होता."

बाळ्यानं तिच्या हातातून तुकडा आणि कॅलिपर घेतला. स्वतः लावून बघितला.

"म्हणजे चाललं असतं हे इंजिन."

"हो."

"टर्बोसकट."

"हो, बाळ्या."

तो उठला. टेम्पोवाल्यानं दारातून विचारलं, माल कुठला घ्यायचा. बाळ्यानं कोपऱ्यातलं रिकामं पोतं ओढलं आणि फुटलेले तुकडे एकेक करून त्यात भरू लागला. ताई मदतीला वाकली.

"तू हात लावू नकोस," तो म्हणाला.