बारावा रकाना

"हात पुढे करा. बोटं फाका."

उस्तादांनी हात पुढे केले. कारखान्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या पालथ्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागदाची कड थरथरली. अठ्ठावीस वर्षे मिलिंग मशीनपाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातावर ती थरथरली नसती तरच नवल.

"चहा फार घेता का हो?"

"दोनदा. पण डॉक्टरसाहेब, माझा हात कापणीला लागतच नाही. मी जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, बांधतो, दार लावतो, बटण दाबतो. पुढचं सगळं मशीन करतं."

"ते मला नाही कळत. मला हात तपासायला सांगितलंय."

या उत्तराचा प्रामाणिकपणा निर्दोष होता. जेवढे विचारले तेवढेच पाहावे, या तत्त्वावर मोठमोठ्या संस्था सुखाने उभ्या असतात. मशीन तपासायला कुणालाच सांगितलेले नव्हते.

तपासायला हवे होते ते मशीनच. पंपाच्या आवरणाच्या सपाट तोंडावर पंधरा दिवसांपासून बारीक लहरी उमटत होत्या. कारखान्यात त्यांना चॅटर म्हणत. एकोणचाळीस जॉब नापास झाले होते. कटर ज्यात फिरतो त्या स्पिंडलचे पुढचे बेअरिंग झिजले की स्पिंडल किंचित झुलू लागतो. कटरचा एक दाता धातूवर लहर सोडून जातो, पुढचा दाता त्याच लहरीवर आपटून ती खोल करतो, आणि त्याच्या मागचा आणखी खोल. प्रत्येक दाता आपल्या आधीच्याचेच काम निष्ठेने पुढे नेत असतो.

उस्तादांना हे वर्षभरापूर्वीच कळले होते. स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घराला आणि मूठ कानाला लावून ऐकायची त्यांची जुनी सवय. ऐकले त्याच दुपारी ते साहेबांकडे गेले होते.

"साहेब, पुढचं बेअरिंग गेलं. आत खरखर आहे."

"जॉब पास होतायत ना?"

"होतायत, पण ते मी वेग इकडेतिकडे करून..."

"मग झालं तर! चांगल्या मशीनला कशाला नाट लावताय?"

आणि उस्तादांनी ती चूक केली, जी फक्त कसबी माणूसच करू शकतो. त्यांनी मशीनचा आजार आपल्या कसबाने झाकला. वेगाच्या नॉबवर बोटे ठेवून ते कापणीचा आवाज ऐकत, आणि स्पिंडल जिथे शांत होई त्या फेऱ्यांवर नॉब सोडून देत. आधी असे शांत वेग पाच-सहा होते. बेअरिंग झिजत गेले तशा त्या जागा सरकल्या, आक्रसल्या. शेवटी एकच उरली, मिनिटाला अठराशे चाळीस फेऱ्यांची, तीही केसाएवढी. जॉब पास होत राहिले. दर महिन्याला मशीनवरच्या तपासणी-तक्त्यात त्यांनी स्वतःच्या सहीनिशी लिहिले: ठीक.

मग वरून फर्मान आले. माणसागणिक वेग नको. पुस्तकातला वेग, दोन हजार. नॉबला कुलूप पडले. त्याच आठवड्यात लहरी उठल्या. म्हणजे उस्तादांचा हात मशीनवरून निघाला तेव्हा दोष सुरू झाला, आणि दोषाचे कारण म्हणून तोच हात निवडण्यात आला.

"अकरा महिने ठीक," डॉक्टरांची तपासणी झाल्यावर साहेबांनी आपल्या खोलीत तक्ता टेबलावर आपटला. "सह्या तुमच्याच ना? मग तेव्हा खोटं लिहीत होतात, की आता हात थरथरतोय? एक काहीतरी ठरवा, उस्ताद."

कोपऱ्यात मापन विभागाचा माणूस उभा होता, उस्तादांचा सख्खा मेहुणा. तो पुटपुटला, "साहेब, लहरी अगदी सारख्या अंतरावर आहेत. हाताच्या चुकीने अशा..."

"तुम्हाला मोजायला ठेवलंय. मोजा."

मेहुण्याने जमीन न्याहाळली. बाहेर येताच तो उस्तादांच्या मागे धावला.

"भाऊजी, मी आणखी बोललो असतो, पण..."

"छे छे, तू मोजत राहा. तुझ्या ताईला सांगतो, भाऊ मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा सोडत नाही. फक्त तोंड उघडायची वेळ आली की पट्टी हरवते त्याची."

मेहुणा हसला नाही. उस्तादही नाही.

दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले तेव्हा उस्तादांनी मशीनचा मुख्य स्विच बंद केला. केसाएवढी हालचाल मोजणाऱ्या डायलचा लोहचुंबकी पाय मशीनच्या टेबलावर बसवला, सुई स्पिंडलला टेकवली, लाकडी दांडा खालून लावला आणि उचलला. सुई चार घरे सरकली, एकेक घर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे. सोडला, परत आली. तीनदा तसेच. मशीन नवे होते तेव्हा ती अर्धे घरही हलत नसे. दांड्यावरचा हात थरथरला नाही. काम हाती असले की तो कधीच थरथरत नसे. हे मात्र डॉक्टरांना तपासायला सांगितलेले नव्हते.

तक्त्याच्या बाराव्या रकान्यात त्यांनी लिहिले: "पुढचे बेअरिंग निकामी. ढिलाई चार शतांश मिलिमीटर. वरचे अकरा शेरे चुकीचे आहेत, चूक माझी." आणि सही केली.

सोमवारी त्यांची रवानगी गोदामात झाली, प्रकृतीच्या कारणास्तव. वाटेत ते मशीनपाशी क्षणभर थांबले. प्लास्टिकच्या पाकिटात नवाकोरा तक्ता होता. अकरा 'ठीक' परक्या पण सुबक अक्षरात उतरवून काढलेले होते. बाराव्या रकान्यातही ठीक. खाली मापन विभागाची सही. त्या सहीचा माणूस त्यांच्या घरी ताटाला ताट लावून जेवलेला होता.

गोदामाची भिंत मशीनला लागूनच होती. दहाच्या सुमारास पलीकडे कापणी सुरू झाली, आणि थोड्याच वेळात स्पिंडल विव्हळू लागला. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारे उस्ताद थांबले. त्यांचा उजवा हात टेबलाच्या रिकाम्या फळीवर गेला, नॉब धरल्यासारखी तीन बोटे जुळली, आणि अगदी सावकाश, केसाएवढी, डावीकडे वळली.

पलीकडचा आवाज तसाच राहिला. उस्तादांनी बोटे आणखी थोडी वळवली, आणि कान देऊन वाट पाहत राहिले.